पावती

द्वितीय वर्ष, कला

"वार्षिकासाठी या वर्षी तू लिहायचंस," असे मराठीच्या सरांनी सांगितले तेव्हा मी मान हलवली आणि खोलीवर येऊन तीन रात्री कोरा कागद पुढे घेऊन बसलो. 'माझे गाव', 'वसतिगृहातील पहिला दिवस', 'ग्रंथ हेच गुरू' असे नेहमीचे विषय डोळ्यांपुढून गेले. खरे सांगतो, काय लिहायचे हे मला पहिल्याच रात्री ठाऊक होते. लिहावे की लिहू नये, एवढाच प्रश्न होता. कारण हा अंक हाती पडला की दोन वर्षे मी ज्या गोष्टीवर पांघरूण घालून वावरलो, ती सगळ्यांना कळणार आहे.

माझे आडनाव भोसले. हे आडनाव ऐकल्यावर पुढे कोणी काही विचारत नाही. एकदा तर एका मित्राने थट्टेने "काय राजे!" म्हणून मला मुजराही केला होता. मी हसलो होतो. मी त्याला सांगितले नाही की भोसले, पवार, काळे, चव्हाण ही आडनावे आमच्यातही असतात. आमच्यात म्हणजे फासेपारध्यांत.

लिहिले एकदाचे!

आमची वस्ती गावाबाहेर गायरानात आहे. सात-आठ घरे, काही कुडाची, काही पत्र्याची. आजोबांच्या तरुणपणापर्यंत फास लावून तित्तर नि लावे धरायचे, बाजारात विकायचे, हाच धंदा. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि ती शिकार गुन्हा ठरली. फास गेले, नाव तेवढे राहिले. माझा बा आज एका बागायतदाराच्या डाळिंबाची राखण करतो. आमच्या भागात पुष्कळ पारधी हेच काम करतात. रात्रीच्या काळोखात लाखांचा माल पारध्याच्या भरवशावर सोडून शेतकरी घरी निवांत झोपतो; आणि तोच पारधी दिवसाउजेडी पेठेत दिसला की दुकानदार गल्ल्याजवळ सरकून बसतो. या दोन गोष्टी एकाच गावात, एकाच दिवशी कशा नांदतात, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

या संशयाला जुना इतिहास आहे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. काही जमाती जन्मानेच गुन्हेगार आहेत, असे त्या कायद्याने ठरवून टाकले. चोरी केली म्हणून गुन्हेगार नव्हे, जन्माला आला म्हणून! पोलीस पाटलाकडे हजेरी द्यायची, परगावी जायचे तर परवाना घ्यायचा. सोलापूरला तर अशा लोकांसाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. तो भाग आजही 'सेटलमेंट' म्हणून ओळखला जातो. माझ्या पणजोबांनी हजेरी दिलेली आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी फासेपारध्यांची हजेरी बंद करून त्यांना पहाऱ्याची कामे दिली, पण कोल्हापूर संस्थान ते केवढे! बाकी मुलखात हजेरी चालूच राहिली. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. देश १९४७ साली मोकळा झाला, आम्ही पाच वर्षांनी. कागदावरची हजेरी त्या दिवशी संपली. डोळ्यांतली हजेरी संपायला कोणती तारीख ठरली आहे, ते कोणी सांगत नाही.

आता माझ्या आईविषयी. आम्ही तिला आय म्हणतो. आय शाळेत गेलेली नाही. तिला अक्षरओळख नाही, पण एक कागद ती बरोबर ओळखते. तो म्हणजे पावती.

मी सातवीत असताना बाने एक जुनी सायकल विकत घेतली होती. राखणीच्या पैशातून, रोख. दोन महिन्यांनी शेजारच्या गावात घरफोडी झाली आणि रिवाजाप्रमाणे पोलीस आमच्या वस्तीवर आले. सायकल पाहून त्यांनी विचारले, "पावती कुठाय?" जुन्या सायकलीची पावती कोण देतो? सायकल गेली ती गेलीच. बाला दोन दिवस बसवून ठेवले, मग सोडले. त्या दिवसापासून आयने एक नियम केला. वस्तीत काहीही नवे आले, मग ते कुकर असो, बॅटरी असो की प्लॅस्टिकची घागर असो, पावतीशिवाय आणायचे नाही. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात ती सगळ्या पावत्या ठेवते. कोणती पावती कशाची, हे ती कागदाच्या रंगावरून आणि घडीवरून सांगते. दुसऱ्यांच्या घरात दागिन्यांचा डबा असतो. आमच्या घरात हा आहे.

मी कॉलेजात आलो आणि 'कमवा आणि शिका' योजनेत मला ग्रंथालयात काम मिळाले. पुस्तके झटकणे, क्रमाने लावणे, फाटलेल्या पानांना डिंक लावणे. थोडे थोडे करून माझ्याजवळ चौदाशे रुपये साठले. गेल्या दिवाळीच्या आधी मी ठरवले, आयला दुकानातली साडी घ्यायची. आय आजवर शेतकरणींनी दिलेली जुनेरी नेसली, फार तर आठवड्याच्या बाजारात जमिनीवर मांडलेल्या ढिगातली. घडी न मोडलेली, दुकानाच्या पिशवीतली साडी तिने कधी नेसलेली नव्हती.

पेठेतल्या ज्या दुकानात आम्ही गेलो त्याचे नाव मी लिहीत नाही. एका बाजूला तयार कपडे, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या गादीवर साड्या, असे ते जुने मोठे दुकान. तिथे मी त्याआधी एकदा गेलेलो होतो. स्नेहसंमेलनासाठी शर्ट घ्यायला आम्ही खोलीतले चौघे मित्र गेलो तेव्हा मालकांनी "या दादा, बसा" म्हटले होते. मुलाला पाणी आणायला सांगितले होते. आम्ही दहा शर्ट उलगडायला लावले आणि एकच घेतला, तरी कोणी कपाळाला आठी घातली नाही. म्हणूनच मी आयला विश्वासाने तिथे नेले. माझ्या ओळखीचे दुकान म्हणून!

आयच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण आहे. गळ्यात मण्यांच्या माळा असतात. हातात गाठोडे होते. थंडी सुरू झाली म्हणून माझ्यासाठी शिवलेली वाकळ तिने त्यात आणली होती, शिवाय चार भाकरी आणि ठेचा. पायरीवर तिने चपला काढल्या आणि ती थबकली. मी म्हणालो, "चल ना आय." तेवढ्यात आतून आवाज आला, "ए बाई, बाहेरच थांब. काय पाहिजे?"

मी पुढे झालो. "साडी बघायचीय," म्हणालो. मालकांनी मला ओळखले नाही. मी तोच होतो. शर्टही तोच होता, त्यांच्याच दुकानातला. फक्त आज माझ्याबरोबर मित्र नव्हते, आय होती.

आम्हाला आत घेतले. पण एक पोरगा आमच्या मागे येऊन उभा राहिला आणि शेवटपर्यंत हलला नाही. शेजारी दोघी बायका साड्या पाहत होत्या. त्यांना "ताई, हा रंग बघा", "वहिनी, हा काठ बघा" असे चालले होते. त्यांच्या पिशव्या त्यांच्या मांडीशी होत्या. आयचे गाठोडे मात्र गादीच्या खाली ठेवायला लावले. नोकराने आमच्यापुढे एक ढीग टाकला आणि न विचारताच सांगितले, "हे तीनशेवाले." मी म्हणालो, "ती वरची दाखवा, वांगी रंगाची." त्याने आधी किंमत सांगितली, मग साडी काढली. आयने काठावर बोट ठेवले. "हात लावू नका, डाग पडतो," तो म्हणाला. शेजारच्या ताई त्याच वेळी एक साडी खांद्यावर टाकून आरशात बघत होत्या.

हे सगळे मला दिसत होते. मी ते गिळले. दिवाळी होती, आयचे डोळे त्या वांगी रंगावर होते. अकराशे पन्नास रुपये मी मोजून दिले. आय माझ्या कानाशी म्हणाली, "पावती घे." मी पावती घेतली.

आम्ही उठलो आणि मागे गादीवरच्या साड्या मोजायला सुरुवात झाली. एक कमी भरत होती. पुन्हा मोजल्या. पुन्हा एक कमी. दुकान एकदम गप्प झाले आणि सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मालक एवढेच म्हणाले, "बाई, ते गाठोडं..."

त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत आय खाली बसली होती आणि तिने गाठ सोडली होती.

मित्रहो, आज वर्ष होत आले, पण त्या प्रसंगातले दुसरे सगळे मी विसरू शकेन. हे विसरता येत नाही. ती रागावली नाही, रडली नाही, "का?" म्हणून तिने विचारले नाही. तिच्या बोटांना ते काम पाठ होते. वाकळ उलगडून तिने झटकून दाखवली. भाकऱ्यांचे फडके सोडून दाखवले. मग उभी राहून पदर झटकला. किती वेळा, कुठे कुठे, कोणाकोणापुढे तिने हे केले असेल म्हणून तिला ते इतके सहज जमले!

आणि मी काय केले? इथे लेखणी अडते. मी खिशातून कॉलेजचे ओळखपत्र काढले आणि मोठ्या, शुद्ध मराठीत म्हणालो, "अहो, आम्ही तसले नाही. मी बी. ए. ला आहे."

तेवढ्यात दाराकडून एक नोकर आला. उजेडात रंग दाखवायला म्हणून एका गिऱ्हाइकाबरोबर त्याने साडी दाराशी नेली होती. मोजणी पुरी झाली. मालकांनी माझे ओळखपत्र पाहिले, हसले आणि म्हणाले, "मग आधी नाही का सांगायचं! काय करणार, खबरदारी घ्यावी लागते." आयकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. त्या दोघी बायका साड्यांकडे बघत राहिल्या. दुकानात आणखी एक मुलगा होता, आपल्याच कॉलेजचा. त्याने मान खाली घातली होती. मी त्याला दोष देत नाही. मीही तेच केले असते.

एस. टी. स्टँडपर्यंत आय काही बोलली नाही. बाकावर बसल्यावर तिने आमच्या बोलीत विचारले, "पोरा, तसले म्हंजे कसले रे?"

मला उत्तर आले नाही. तसले म्हणजे बा. तसले म्हणजे हजेरी देणारे पणजोबा. तसले म्हणजे ती. मालकाने आमच्यावर संशय घेतला, पण तो संशय शब्दांत मांडला तो मी. आणि तोही काही चुकीचे ठरवून नव्हे. नुसते त्यातून स्वतःला बाहेर काढून. दुकानदाराने माझ्या आईला बाहेर थांब म्हटले होते. मी तिला बाहेर ठेवले.

जानेवारी महिन्यात राज्यशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्क सुरू झाले. सर पंधराव्या कलमावर आले. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला काही ठिकाणी मज्जाव करता येणार नाही, असे त्या कलमाचा दुसरा भाग सांगतो. ती ठिकाणे कोणती याची यादी त्यात आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते ही नंतर येतात. यादीतला पहिलाच शब्द आहे 'दुकाने'. मी तो शब्द पुस्तकात पाहिला आणि पुढचे काही मिनिटे मला ऐकूच आले नाही.

सरांनी सांगितले की १९४८ च्या नोव्हेंबरात घटना समितीत या शब्दावर प्रश्न निघाला होता. दुकान म्हणजे नेमके काय? बाबासाहेबांनी त्याचा अर्थ मुद्दाम रुंद केला. जो कोणी येईल त्याला सेवा द्यायला मालक तयार आहे अशी कोणतीही जागा, ती दुकान. म्हणजे दार सगळ्यांसाठी उघडायचे आणि आत आल्यावर माणसे निवडायची, हे त्या अर्थात बसत नाही. हे त्यांना कोणी पुस्तकातून शिकवायला नको होते. बडोद्याला १९१७ साली नोकरीवर गेले असता त्यांना राहायला जागा मिळाली नव्हती आणि पारशी खाणावळीतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले होते. परदेशात शिकून आलेले ते. ओळखपत्र त्यांच्याजवळ माझ्याहून पुष्कळ मोठे होते!

आपल्याकडे तर दुकानाच्या दोन्ही बाजूंना हा खेळ झालेला आहे. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून गिऱ्हाईक तिकडे फिरकेना. तेव्हा स्वतः शाहू महाराज आपली गाडी त्यांच्या दाराशी थांबवून चहा प्यायले. ही गोष्ट शाळेत ऐकली होती. महाराजांनी भाषण केले नाही, चहा मागितला. त्यातले मर्म मला आता कळते.

सरांनी जाता जाता अमेरिकेचा उल्लेख केला आणि मी त्या धाग्याने ग्रंथालयात नि फोनवर वाचत गेलो. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो गावी चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात शिरले. कॉलेजच्या पहिल्या वर्षातली, माझ्याच वयाची पोरे. एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मॅकेन, जोसेफ मॅकनील आणि डेव्हिड रिचमंड. त्यांनी टूथपेस्ट वगैरे किरकोळ वस्तू घेतल्या. त्या विकताना कोणी हरकत घेतली नाही. काळ्याच्या खिशातला पैसा गोराच असतो! मग ते त्याच दुकानातील फराळाच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. तिथे फक्त गोऱ्यांना बसायची परवानगी होती. कॉफी मिळाली नाही. ते उठले नाहीत. दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. आणि मी पुढचे वाक्य दोनदा वाचले: घेतलेल्या वस्तूंच्या पावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. एका टेबलावर आमचे पैसे चालतात, मग दुसऱ्यावर का नाही, हे विचारायला तोच त्यांचा पुरावा होता.

मला आयचा डबा आठवला.

दुसऱ्या दिवशी वीसाहून अधिक विद्यार्थी आले, तिसऱ्या दिवशी साठाहून अधिक, चौथ्या दिवशी तीनशेंवर. त्या चौथ्या दिवशी शेजारच्या महिला महाविद्यालयातील तीन गोऱ्या मुलीही येऊन त्यांच्याबरोबर बसल्या. २५ जुलै १९६० रोजी ते टेबल सगळ्यांना खुले झाले, आणि तिथे बसून खाण्याचा पहिला मान त्याच दुकानात काम करणाऱ्या काळ्या नोकरांना मिळाला. आज त्या इमारतीत संग्रहालय आहे.

गोष्ट इथे संपली असती तर फार बरे झाले असते. पण संपली नाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या बार्नीज या उंची दुकानात एका काळ्या विद्यार्थ्याने सुमारे साडेतीनशे डॉलरचा कमरेचा पट्टा घेतला. बातम्यांत त्याचे वय एकोणीस दिलेले होते. पैसे त्याने स्वतःच्या बँकेच्या कार्डावरून दिले. रस्त्यावर येतो न येतो तोच साध्या वेषातील पोलिसांनी त्याला अडवले. एवढा महाग पट्टा तुला परवडलाच कसा, कार्ड नक्की तुझेच का, असे विचारून त्याला ठाण्यावर नेले आणि बँकेकडून खात्री झाल्यावर सोडले, अशी त्याची तक्रार होती. आपण पोलिसांना बोलावलेच नाही, असे दुकानाचे म्हणणे पडले. त्याच वर्षी रॉब ब्राउन नावाच्या नटाने मेसीज या दुकानात आईच्या पदवीदान समारंभासाठी घड्याळ घेतले, आणि त्यालाही संशयावरून बेड्या घालून अडकवून ठेवले, असे त्याने आपल्या दाव्यात सांगितले. आईसाठी घेतलेले घड्याळ! २०१४ साली न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांच्या चौकशीनंतर बार्नीजने ५,२५,००० डॉलर आणि मेसीजने ६,५०,००० डॉलर भरण्याचे मान्य केले. तो विद्यार्थी मात्र पट्टा दुकानात परत देऊन आला होता. त्याला तो नकोसा झाला.

तिकडच्या काळ्या लोकांत याला एक कडवट नावच पडले आहे. दारू पिऊन गाडी चालवणे हा जसा गुन्हा, तसा 'काळे असून खरेदी करणे' हाही एक गुन्हाच! आणि कायदा फारसा हाताशी नाही. १९६४ च्या त्यांच्या नागरी हक्क कायद्यात हॉटेले, खानावळी, नाट्यगृहे यांची नावे आहेत, पण साध्या दुकानांचे नाव त्या यादीत नाही. मग १८६६ सालच्या, करार करण्याच्या समान हक्काच्या कायद्याचा आधार घ्यावा लागतो. त्यात अडचण अशी की सौदा पुरा झाला असेल, वस्तू हाती मिळाली असेल, तर नुसते मागे मागे फिरले, पाळत ठेवली, एवढ्यावर अनेक न्यायालये दावा टिकू देत नाहीत. हे वाचून मला वाटले, आपण बरे. आपल्या घटनेत दुकाने पहिल्या क्रमांकावर आहेत. शिवाय अस्पृश्यतेच्या नावाखाली माल द्यायला नकार देणे हा १९५५ पासून गुन्हा आहे. पण मग वाटले, आमचाही सौदा पुराच झाला होता की! आम्हाला आत घेतले होते, साडी दिली होती, पावतीही दिली होती. मालकांनी कोणते कलम मोडले? "ए बाई" म्हणण्याला कलम नाही. मागे पोरगा उभा करण्याला कलम नाही. नजरेचा पंचनामा होत नाही.

दुकानदाराची बाजू मी विचारात घेतली नाही असे नाही. दिवाळीच्या गर्दीत साड्या चोरीला जातात, नोकराच्या पगारातून कापून घेतात, हे मला ठाऊक आहे. त्याने खबरदारी जरूर घ्यावी. पण ती सगळ्यांसाठी सारखी घ्यावी. सगळ्यांच्या पिशव्या दाराशी ठेवायला लावल्या असत्या तर आयने पहिल्यांदा ठेवली असती. उघडायची वेळ आली तेव्हा दुकानात पाच जणांजवळ पिशव्या होत्या. उघडले गेले ते एक गाठोडे. आणि गंमत अशी की सगळे डोळे त्या गाठोड्याकडे असताना खरोखरच कोणी साडी पळवली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. संशय माणसाला सावध करत नाही, आंधळा करतो.

शिमग्याच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आयला मी त्या पट्ट्याची गोष्ट सांगितली. बाही ऐकत होता. अमेरिका कुठे आहे हे आयला माहीत नाही, पण गोष्ट तिला तंतोतंत कळली. तिने एकच प्रश्न विचारला.

"त्या पोराजवळ पावती व्हती का?"

"होती, आय."

ती थोडा वेळ चुलीतल्या लाकडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग?"

इतक्या वर्षांचा तिचा डबा त्या एका शब्दात होता. पावती असली की माणूस सुटतो, हा तिचा एकुलता एक कायदा. तो दूरदेशीही चालला नाही हे तिला मी सांगितले, आणि लगेच वाटले, उगाच सांगितले. त्याच रात्री मी तिला दुसरीही गोष्ट सांगितली, चार पोरांची आणि कॉफीची. आणि अखेर स्टँडवरच्या प्रश्नाचे उत्तर दिले. म्हणालो, "आय, तसले म्हणजे आपणच. त्या दिवशी मी भ्यालो." ती म्हणाली, "ठावं हाय मला. भाकर खा."

आता हे सगळे लिहून झाले आहे. गुरुजनांना आणि मित्रांना एकच सांगायचे आहे, आणि ते उपदेश म्हणून नव्हे. मी स्वतः मान खाली घातलेला माणूस आहे. कधी दुकानात तुमच्या शेजारी कोणाला गाठोडे सोडायला लावले, तर भांडू नका, भाषण करू नका. आपली पिशवी पुढे करा आणि म्हणा, "माझीही बघा." त्या दिवशी एकाने तेवढे म्हटले असते तर आयला खाली बसावे लागले नसते. ग्रीन्सबरोच्या त्या तीन मुलींनी तरी दुसरे काय केले? शेजारी जाऊन बसल्या.

माझ्या खोलीतले मित्र हा लेख वाचतील तेव्हा काय म्हणतील, मला माहीत नाही. कदाचित काही म्हणणार नाहीत. कदाचित कोणी रात्री आपले पाकीट उशीखाली ठेवील. तसे झाले तर मला दिसेल. आमच्या लोकांना ते लगेच दिसते. पण वाकळ माझ्या खाटेवर आहे, ती कोणी शिवली हे आता मी सांगू शकेन.

साडी अजून नेसलेली नाही. तिला फॉल लावायचा राहिला आहे, आणि ते काम पेठेतच होते, त्याच रस्त्याला. परीक्षा संपली की आयला घेऊन जायचे ठरवले आहे. मी म्हणतो, पावती बरोबर घ्यायची नाही. आय म्हणते, घ्यायची. यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.